ई-मेलचा मायना

जुन्या मराठी पत्रव्यवहारात मायन्याला मजकुराइतकेच वजन असे. पत्र कोणाचे, कोणाला आणि कोणत्या नात्याने लिहिलेले आहे हे आरंभीच कळावे, म्हणून कोणासाठी कोणता मायना योजायचा याच्या रीती ठरलेल्या होत्या आणि दप्तराचे व पत्रलेखनाचे नियम सांगणारी मेस्तके लिहिली जात. ई-मेलच्या प्रत्येक संदेशालाही असाच मायना असतो; त्याला हेडर म्हणजे शीर्षभाग म्हणतात. कागदावरचा मायना माणूस वाचत असल्याने त्यातली चूकभूल तो समजून घेई. ई-मेलचा मायना मात्र माणसाच्या आधी वाटेतली यंत्रे वाचतात, त्या यंत्रांवरचे सॉफ्टवेअर निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या दशकांत लिहिलेले असते, आणि तरीही पुण्यातल्या संगणकावरून निघालेले पत्र टोरांटोतल्या दुसऱ्याच बनावटीच्या फोनवर नीट उघडते. हे साधते ते या मायन्याच्या लिखित नियमांमुळे, आणि जेव्हा साधत नाही तेव्हा बिघाडाचे मूळही बहुधा तिथेच सापडते.

हेडरची रचना पाहायला सोपी आहे. प्रत्येक नोंद नव्या ओळीवर सुरू होते. आधी नोंदीचे नाव, मग एकाखाली एक असे दोन ठिपके आणि त्यापुढे तिचा तपशील. ‘फ्रॉम’ या नोंदीत पाठवणारा, ‘टू’मध्ये ज्याला पत्र पाठवायचे तो, ‘सब्जेक्ट’मध्ये विषय आणि ‘डेट’मध्ये पाठवल्याची तारीख-वेळ असते, तर ‘सीसी’ ही नोंद टंकलेखन यंत्राच्या काळातल्या कार्बन प्रतीची आठवण जपते. वाचकाला पडद्यावर एवढेच दिसते. पण मूळ संदेश दाखवण्याची सोय वापरली की आणखी कितीतरी ओळी समोर येतात. त्यांत ‘मेसेज-आयडी’ नावाची, त्या एका संदेशापुरतीच असलेली ओळखखूण असते, मजकूर कोणत्या जातीचा आहे हे सांगणारी ‘कंटेंट-टाइप’ ही नोंद असते, आणि वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने टपाल कचेरीसारखा मारलेला ‘रिसीव्ह्ड’ हा शिक्का असतो. नवा शिक्का नेहमी सर्वांत वर पडत असल्याने पत्राचा प्रवास समजून घ्यायचा तर हे शिक्के खालून वर वाचावे लागतात. हेडर संपल्याची खूण म्हणजे एक रिकामी ओळ. तिच्यानंतर मजकूर सुरू होतो. या साऱ्या नोंदींपैकी आजच्या मानकानुसार सक्तीच्या फक्त दोन आहेत, पाठवणाऱ्याची आणि तारखेची.

सभेची सूचना, १९७३

ई-मेलची सुरुवात अमेरिकेतील अर्पानेट या संगणकजालावर झाली. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अभियंत्याने त्या जालावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पोहोचवले आणि पत्त्यात माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह बसवले. पुढे काही काळ हे टपाल फाइल पोहोचवण्याच्या एफटीपी या पद्धतीच्या पाठीवर बसून जात असे, आणि त्या पद्धतीचा पहिला आराखडा १९७१ मध्येच अभय भूषण यांनी लिहिला होता. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून पदवी घेऊन ते एमआयटीत गेले होते. पत्रे जाऊ लागली, पण प्रत्येक संगणक आपापल्या पद्धतीने मायना लिहू लागला, आणि दुसऱ्या ठिकाणच्या प्रोग्रामला पाठवणारा कोण व विषय कोणता हे शोधून काढणे अवघड होऊ लागले.

यावर सप्टेंबर १९७३ मध्ये भूषण, केन पोग्रन, टॉमलिन्सन आणि जिम व्हाइट या चौघांनी एक छोटेसे टिपण प्रसृत केले. इंटरनेटची मानके ज्या क्रमांकित टिपणांच्या रूपाने ठरतात त्यांना आरएफसी म्हणतात. ‘अभिप्राय मागवण्यासाठी’ असा त्या नावाचा सरळ अर्थ आहे, आणि या टिपणाचा क्रमांक ५६१ होता. पाठवणारा, तारीख आणि विषय या नोंदी आधी याव्यात, प्रत्येकीची स्वतंत्र ओळ असावी आणि शेवटी एक रिकामी ओळ सोडावी, एवढेच त्याचे सार. नमुना म्हणून त्यात जे पत्र दिले होते त्यावर २४ जुलै १९७३ ही तारीख होती आणि विषय होता एका सभेची सूचना.

त्या नमुन्यातला पत्ता मात्र @ चिन्हाने नव्हे, तर ‘अॅट’ हा शब्द अक्षरांत लिहून जोडलेला होता. टॉमलिन्सन स्वतः लेखकांत असताना हे घडावे याचे नवल वाटते. पण पोग्रन ज्या मल्टिक्स प्रणालीवर काम करत होते तिच्यात @ हे चिन्ह टंकले की चालू ओळच पुसली जाई. सॉफ्टवेअरच्या सुसंगतीचा, म्हणजे एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येण्याचा, प्रश्न असा पहिल्या दिवसापासूनच होता. १९७७ च्या आरएफसी ७३३ ने शब्द व चिन्ह दोन्ही चालवून घेतले, आणि डेव्हिड क्रॉकर यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ८२२ ने शब्द बाद करून चिन्ह तेवढे ठेवले. त्याच ऑगस्ट महिन्यात जॉन पोस्टेल यांनी पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे सोपवण्याची एसएमटीपी ही पद्धत आरएफसी ८२१ मध्ये मांडली. ८२२ ची सुधारलेली आवृत्ती पीट रेस्निक यांच्या संपादनाखाली २००१ मध्ये २८२२ या क्रमांकाने आणि २००८ मध्ये ५३२२ या क्रमांकाने आली. तिच्याच आधारावर आजचा व्यवहार चालतो.

लिहिताना काटेकोर, वाचताना उदार

या मानकांमागे पोस्टेल यांच्याच नावाने ओळखले जाणारे एक तत्त्व आहे: दुसऱ्याला पाठवताना नियम काटेकोर पाळावेत आणि दुसऱ्याकडून आलेले स्वीकारताना मन मोठे ठेवावे. आरएफसी ५३२२ मध्ये हे तत्त्व व्याकरणातच गोवलेले दिसते, कारण तिच्यात कालबाह्य लेखनपद्धतींचा एक वेगळा विभाग आहे, आणि त्या पद्धतींनी नवे हेडर लिहिण्यास मनाई असली तरी तसे लिहिलेले जुने हेडर वाचता आलेच पाहिजे असा दंडक आहे.

तारखेच्या नोंदीत हे औदार्य विशेष कसाला लागते. १९८२ च्या मानकात वर्ष दोनच आकड्यांत लिहीत. १९८९ मध्ये चार आकडे लिहिण्याची शिफारस झाली, तरी जुने प्रोग्राम चालूच राहिले. वर्ष १९०० पासून मोजणाऱ्या काही प्रोग्रामांनी १९९९ उलटताच वर्षाच्या जागी १०० असा तीन आकडी मजकूर लिहिला. नव्या मानकाने यावर तोड काढली: दोन आकडे ०० ते ४९ असतील तर त्यांत २००० मिळवावेत, ५० ते ९९ असतील तर १९०० मिळवावेत, आणि तीन आकडे दिसले तरीही १९०० मिळवावेत. वेळेच्या पट्ट्यांचीही तीच कथा आहे. १९८२ चे मानक नावाने ओळखत असे ते अमेरिकेतले पट्टे आणि ग्रीनिचची वेळ. लष्करी वापरातल्या एकाक्षरी पट्ट्यांची व्याख्या तर त्यात चुकीची दिली गेली होती, त्यामुळे ती अक्षरे भरवशाची नाहीत असे पुढच्या मानकाला नमूद करावे लागले. भारतीय प्रमाणवेळेचे आयएसटी हे लघुरूप आयर्लंड आणि इस्रायल यांच्या वेळेलाही लागू पडत असल्याने मुंबईहून निघालेल्या पत्राच्या तारखेपुढे नाव न लिहिता अधिक ०५३० असा फरक आकड्यांत लिहितात, आणि तो वाचून न्यू जर्सीतला प्रोग्राम आपल्या वेळेत त्याचे रूपांतर करतो.

उत्तरांच्या बाबतीत मात्र सैलपणाने गोंधळ केला. उत्तराच्या विषयाआधी ‘आरई’ ही दोन अक्षरे येतात. ‘त्या बाबतीत’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगातून ती आलेली असल्याने प्रत्येक भाषेत ती तशीच ठेवायची होती. काही मेल-प्रोग्रामांनी त्यांचे भाषांतर केले. जर्मन आवृत्तीने ‘एडब्ल्यू’ लावले, स्वीडिशने ‘एसव्ही’. एकाची खूण दुसऱ्याला ओळखू येईना, आणि चार वेळा पत्रे गेली-आली की विषयाआधी अशा खुणांची माळ तयार होऊ लागली. संभाषणातली पत्रे एकत्र लावण्याचा भरवशाचा मार्ग विषयातून जातच नाही. प्रत्येक उत्तराच्या ‘इन-रिप्लाय-टू’ व ‘रेफरन्सेस’ या नोंदींत आधीच्या पत्रांच्या ओळखखुणा असतात आणि त्यांवरून वंशवेल जुळवता येते. ज्या प्रोग्रामांनी या नोंदी लिहिण्यात हयगय केली त्यांची उत्तरे दुसऱ्यांच्या पडद्यावर पोरकी होऊन पडली.

मराठी विषय कसा प्रवास करतो

हेडरचे नियम ठरले तेव्हा संगणकांची सामाईक लिपी आस्की ही होती. तिच्यात फक्त १२८ संकेत आहेत, म्हणजे इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि काही नियंत्रणखुणा. देवनागरीला तिच्यात जागा नाही. पुढे मराठी फॉन्ट आले, पण ते इंग्रजी अक्षरांच्याच संकेतांवर मराठी वळणे चढवीत, आणि विषयाच्या ओळीला फॉन्ट नसल्यामुळे तिथे त्यांचा उपयोग नव्हता. जगभरचे सगळे सर्व्हर एका रात्रीत बदलणे शक्य नसल्याने प्रश्न असा होता की वाटेतल्या जुन्या यंत्रांना न कळवता नव्या लिपीतला मजकूर त्यांच्यामधून कसा न्यायचा.

नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये पत्राच्या मजकुरासाठी माइम हे मानक मांडले तेव्हा त्याच्या जोडीने कीथ मूर यांनी हेडरसाठी उत्तर दिले, आणि १९९६ पासून ते आरएफसी २०४७ या क्रमांकाने ओळखले जाते. परकीय लिपीतला मजकूर आस्कीच्या वेशात गुंडाळायचा आणि त्या गुंडाळीच्या आरंभी व शेवटी खुणा करायच्या, अशी ही युक्ती आहे. गुंडाळी =? या चिन्हांनी उघडते. मग लिपीच्या संकेतनाचे नाव, पुन्हा प्रश्नचिन्ह, मग गुंडाळण्याची रीत सांगणारे एक अक्षर, पुन्हा प्रश्नचिन्ह, त्यापुढे मजकूर, आणि शेवटी ?= ही चिन्हे.

‘सभा’ हा शब्द घेतला तर हे जवळून दिसते. संगणकाच्या हिशेबी त्यात स, भ आणि काना अशी तीन चिन्हे आहेत. युनिकोडच्या यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि बाइट म्हणजे शून्य ते २५५ पर्यंतची एक संख्या. तेव्हा ‘सभा’ नऊ बाइटचा झाला. बेस-६४ ही गुंडाळण्याची रीत दर तीन बाइटची चार आस्की अक्षरे करते, त्यामुळे देवनागरीच्या एका चिन्हाची नेमकी चार रोमन चिन्हे होतात आणि ‘सभा’ची बारा. त्यातली गंमत अशी की, ‘अ’पासून ‘ह’पर्यंतची अक्षरे, काना आणि पहिली वेलांटी यांचे रूप चार हा आकडा, मग के, मग एस असे सुरू होते, तर दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडण्याची खूण यांचे रूप चार, के, डब्ल्यू असे सुरू होते. न उलगडलेला मराठी विषय समोर आला की तीच तीन चिन्हे पुनःपुन्हा दिसतात ती यामुळे. दुसरी क्यू नावाची रीत युरोपीय भाषांना सोयीची आहे, कारण तिच्यात साधी रोमन अक्षरे तशीच राहतात. देवनागरीचे एक चिन्ह मात्र तिच्यात नऊ अक्षरांचे होते.

यात लांबीचा प्रश्न येतो. हेडरची ओळ ९९८ अक्षरांहून मोठी असू नये आणि शक्यतो ७८ च्या आत असावी असा नियम आहे, आणि गुंडाळीची मर्यादा आणखी कडक, खुणांसकट ७५ अक्षरांची आहे. खुणांमध्ये बारा अक्षरे जातात, त्यामुळे एका गुंडाळीत देवनागरीची फार तर १५ चिन्हे मावतात. गृहनिर्माण संस्थेच्या पत्रावर ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ असा विषय असेल तर त्यात मोकळ्या जागा धरून ३० चिन्हे आहेत. गुंडाळल्यावर त्यांची सुमारे १४० अक्षरे होतात आणि ती दोन गुंडाळ्यांत विभागावी लागतात. दुसरी गुंडाळी पुढच्या ओळीवर येते आणि त्या ओळीच्या आरंभी एक मोकळी जागा सोडतात. ही जागा म्हणजे नवी नोंद नसून आधीचीच ओळ पुढे चालू आहे अशी खूण. वाचणाऱ्या प्रोग्रामने दोन लगतच्या गुंडाळ्यांमधली मोकळी जागा गाळून मजकूर सलग जोडायचा असतो.

बिघाड नेमके या सांध्यांवर होतात. गुंडाळी तोडताना चिन्हाचे तीन बाइट दोन्हीकडे विभागू नयेत असे मानक स्पष्ट सांगते. तरीही एखादा निष्काळजी प्रोग्राम बाइट मोजून मध्येच कात्री चालवतो, आणि ‘सर्वसाधारण’ या शब्दाच्या पोटात चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. वाचणाऱ्याने मधली जागा गाळली नाही तर एका शब्दाचे दोन तुकडे होतात. गुंडाळीच न करता देवनागरीचे बाइट उघडे पाठवले आणि वाचणाऱ्याने ते पश्चिम युरोपीय लिपीचे समजले, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चार काटे फुटलेले छोटे वर्तुळ ही जोडी ओळभर दिसते. अशा वेळी दोष मराठीला किंवा फॉन्टला दिला जातो, पण फॉन्टचा त्यात संबंध नसतो. मायना लिहिणाऱ्याने किंवा वाचणाऱ्याने नियम मोडलेला असतो.

औदार्याची किंमत

वाचताना उदार राहण्याचे तत्त्व अर्पानेटवरच्या परिचित मंडळींत शोभून दिसले, पण अनोळखी आणि लबाड पाठवणाऱ्यांच्या जगात त्याची दुसरी बाजू समोर आली. ‘फ्रॉम’ ही नोंद एका पत्रात एकदाच असावी असा नियम आहे. ती दोनदा लिहिली तर एक प्रोग्राम पहिली खरी मानतो, दुसरा शेवटची. पाठवणाऱ्याची सत्यता तपासणारा सर्व्हर एक नोंद पाहतो आणि वाचकाच्या पडद्यावर दुसरी दिसते, असे घडले तर तोतयाला वाट मोकळी होते. २०२० मध्ये यूझनिक्स या संगणक-संघटनेच्या सुरक्षा परिषदेत सादर झालेल्या एका अभ्यासाने अशाच मतभेदांचा फायदा घेऊन प्रचलित मेलसेवांना चकवता येते हे दाखवून दिले. डिसेंबर २०२३ मध्ये ओळ संपल्याच्या खुणेवरून असेच घडले: मानकानुसार ओळीच्या शेवटी दोन खुणा एकत्र हव्यात, पण एकटी खूण चालवून घेणारे सर्व्हर आणि न घेणारे सर्व्हर यांच्यातल्या फरकाचा उपयोग करून एका पत्राच्या पोटातून दुसरे खोटे पत्र आत नेता येते हे उघड झाले आणि प्रसिद्ध सर्व्हर-सॉफ्टवेअरांना तातडीने दुरुस्त्या कराव्या लागल्या.

पाठवणारा खरा आहे का हे पाहण्यासाठी गेल्या दोन दशकांत तीन व्यवस्था उभ्या राहिल्या. एसपीएफमध्ये आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे संस्था जाहीर करते. डीकेआयएममध्ये हेडरच्या निवडक नोंदींवर आणि मजकुरावर गणिती सही केली जाते. आणि डीमार्कमध्ये या दोन्ही तपासण्या ‘फ्रॉम’ नोंदीशी जुळल्या नाहीत तर पत्राचे काय करावे हे सांगितले जाते. हेडरच्या मांडणीला यामुळे नवे महत्त्व आले, कारण सही काटेकोर पद्धतीने केलेली असेल तर वाटेतल्या सर्व्हरने लांब ओळ वेगळ्या ठिकाणी दुमडली तरी ती खोटी ठरते. म्हणून सही करण्याची एक सैल पद्धतही मान्य केली आहे, जिच्यात सही तपासण्यापूर्वी दुमडलेल्या ओळी सरळ करतात आणि सलग मोकळ्या जागांची एक जागा करतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांसाठी या तपासण्या सक्तीच्या केल्या. रोज ५,००० हून अधिक पत्रे जीमेलकडे पाठवणाऱ्यांना तिन्ही व्यवस्था लागू आहेत, आणि पत्राची रचना आरएफसी ५३२२ प्रमाणे असावी ही अटही त्यांच्या नियमांत आहे. वाचणाऱ्याच्या औदार्याला अशी मर्यादा पडू लागली आहे.

देवनागरी पत्त्यांची कथा याच वळणावर आहे. २०१२ च्या मानकांनी हेडरमध्ये आणि पत्त्यातही यूटीएफ-८ थेट लिहिण्याची मुभा दिली, आणि २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाव सुरू झाल्यावर @ चिन्हाच्या दोन्ही बाजू मराठीत लिहिणे शक्य झाले. विषयाला गुंडाळी करता येते, पत्त्याच्या पहिल्या भागाला मात्र तशी सोय नाही. वाटेतल्या एका सर्व्हरलाही ही नवी पद्धत येत नसेल तर पत्र पुढे न जाता पाठवणाऱ्याकडे परत येते. मराठी विषय निर्धास्तपणे जातो, कारण त्याने जुना वेश घेतला. मराठी पत्ता अजून अडखळतो, कारण त्याच्यासाठी सर्वांना बदलावे लागते.

ई-मेलची अर्धशतकाची वाटचाल पाहता निर्णय पोस्टेल यांच्या तत्त्वाच्या पूर्वार्धाच्या बाजूने द्यावा लागतो: वाचणाऱ्याच्या उदारपणावर विसंबून लिहिणाऱ्याने ढिलाई करू नये. सूचना, पावत्या आणि निकाल मराठीतून पाठवणारे सॉफ्टवेअर जी पतसंस्था, महाविद्यालय किंवा गृहनिर्माण संस्था विकत घेते, तिने पैसे देण्यापूर्वी एक लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेला मराठी विषय लिहून तीन निरनिराळ्या मेलसेवांवर पाठवून पाहावा, आणि तो एका ठिकाणी जरी तुटला तरी सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत करावे. १९७३ च्या त्या छोट्याशा टिपणातला नमुना म्हणजे एका सभेची सूचना होती. तिच्यातल्या पाठवणारा, तारीख आणि विषय या तीन नोंदी आज संस्थेच्या सभेच्या सूचनेवरही त्याच नावांनी, त्याच दोन ठिपक्यांसह येतात.